तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटू द्या

तुमचा प्रश्न मी सावकाश दोनदा वाचला. वय ३६. नोकरीसाठी मोठ्या शहरात येऊन अडीच वर्षं झाली, एकटेच राहता, आठवड्यातले तीन दिवस काम घरूनच चालतं. बहीण परदेशात असते. तिच्याशी मोकळेपणाने बोलणं होतं, पण दहा-पंधरा दिवसांतून एकदा. एका सोमवारी सकाळी ऑफिसच्या कॉलवर बोलायला तोंड उघडलंत आणि आवाज घोगरा निघाला, तेव्हा ध्यानात आलं की शुक्रवार संध्याकाळपासून आपण कोणाशी एक शब्दही बोललेलो नाही. फोनमध्ये सातशे नंबर आहेत. 'नव्या लोकांना भेटा' अशा धर्तीच्या वीसेक कार्यक्रमांना वर्षभरात जाऊन आलात, पण त्यातून एकही मैत्री टिकली नाही. शेवटी विचारलंत, "माणसं जोडायला आणखी किती ठिकाणी जाऊ? की माझ्यातच काही खोट आहे?"

खोट आहे का, ते आधी बोलू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात साधारण दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा जाणवतो. एवढ्या सगळ्यांच्या स्वभावात दोष आहे असं कसं म्हणणार? तुमच्या लिहिण्यात मला दिसलं ते वेगळंच. तुम्ही वीस ठिकाणी एकेकदा गेलात. एका ठिकाणी वीसदा गेला नाहीत. माझं पुढचं सगळं म्हणणं या फरकाभोवतीच फिरणार आहे.

मी अठरा वर्षं समुपदेशनाचं काम करते आहे. पुढे दोन-तीन जणांचे अनुभव येतील, त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

एकांत, एकटेपणा आणि एकाकीपणा हे तीन शब्द आपण बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. एकांत आपण मागून घेतो आणि त्यात मन तृप्त होतं. एकटेपणा ही नुसती परिस्थिती, घरात दुसरं कोणी नाही एवढीच. एकाकीपणा मात्र भर माणसांतही गाठतो, कारण आपल्याला हवी तशी नाती आणि प्रत्यक्ष असलेली नाती यांत जे अंतर पडतं, त्याची ती टोचणी असते. म्हणून 'जास्त लोक' हा त्यावरचा आपोआप उपाय ठरत नाही. घरात सहा माणसं असलेली एक बाई माझ्याकडे वर्षभर येत होती, तिचं दुखणं तुमच्यापेक्षा कमी नव्हतं.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाईस यांनी १९७३ मध्ये एकाकीपणाचे दोन प्रकार वेगळे काढले. मला आजही रोजच्या कामात त्यांचा उपयोग होतो. एका प्रकारात जिवाभावाचं, हक्काचं माणूस नसतं. दुसऱ्या प्रकारात आपलं असं वर्तुळ नसतं, जिथे आपण 'त्यांच्यातले' आहोत. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. जोडीदार कितीही जीव लावणारा असला तरी तो एकटा मित्रमंडळ होऊ शकत नाही, आणि वीस जणांच्या घोळक्यात रात्री अडीच वाजता फोन करावा असं कोणी असेलच असं नाही. मी समोरच्याला दोन प्रश्न विचारते. वाईट बातमी आली तर पहिला फोन कोणाला कराल? आणि उद्या तुम्ही नेहमीच्या ठिकाणी दिसला नाहीत, तर कोणाला चुकल्याचुकल्यासारखं वाटेल? पहिल्याचं उत्तर तुमच्याकडे आहे, बहीण. दुसऱ्याचं नाही. तुमचं 'नेहमीचं ठिकाण'च नाही, मग गैरहजेरी कोणाच्या लक्षात येणार?

शहरातली माणसं कोरडी असतात, असंही तुम्ही लिहिलंय. जर्मन विचारवंत गेऑर्ग झिमेल यांनी १९०३ मध्ये महानगरातल्या मनाबद्दल एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी मांडलं की एवढे चेहरे, एवढे आवाज, एवढी घाई सतत अंगावर येत असली की माणूस स्वतःला वाचवण्यासाठी मनावर एक कवच चढवतो. मला हे फार खरं वाटतं. तुमच्या मजल्यावरचा माणूस लिफ्टमध्ये फोनमध्ये मान घालतो, तेव्हा तो तुम्हाला नाकारत नसतो, दिवसभराच्या गर्दीनंतर जरा आडोसा शोधत असतो. तुम्हीही त्याला तसेच दिसत असाल. हे कवच एका भेटीत उतरत नाही. तोच चेहरा पुन्हा पुन्हा, काही न मागता समोर येत राहिला, की हळूहळू सैल होतं.

शाळा-कॉलेजातली मैत्री आठवून बघा. तेव्हा तुम्ही काही 'केलं' नव्हतं. तीच मुलं, तोच वर्ग, रोज, न ठरवता. मैत्री त्या पुनरावृत्तीतून झाली, श्रेय मात्र आपण तेव्हाच्या आपल्या स्वभावाला देतो. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या विद्यार्थी-वसाहतीत लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. कोणाची कोणाशी मैत्री झाली हे तपासलं, तर शेजारच्या दाराशी सर्वांत जास्त आणि मजल्याच्या दुसऱ्या टोकाशी बरीच कमी. अंतर पाहिलं तर काही पावलांचंच. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावर जास्त ओळख होती, कारण वरची माणसं त्यांच्या दारावरूनच ये-जा करत. १९९२ मधला एक प्रयोग तर आणखी बोलका आहे. दिसायला साधारण सारख्या चार तरुणी एका महाविद्यालयीन वर्गासाठी निवडल्या होत्या. एक वर्गात कधीच आली नाही, बाकीच्या अनुक्रमे पाच, दहा आणि पंधरा वेळा नुसत्या येऊन बसल्या. कोणाशी अवाक्षर बोलल्या नाहीत. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांना फोटो दाखवले, तेव्हा जी जास्त वेळा येऊन बसली होती ती जास्त आवडली.

आता तुमच्या वीस कार्यक्रमांचा हिशेब करू. जेफ्री हॉल या अमेरिकन संशोधकाने २०१८ मध्ये मोठ्यांच्या मैत्रीला किती वेळ लागतो हे मोजायचा प्रयत्न केला. नुसती ओळख साध्या मैत्रीपर्यंत यायला साधारण ५० तास, नीट मित्र म्हणावं इथपर्यंत ९० च्या आसपास, आणि जिवलग होण्यासाठी २०० हून अधिक तास एकत्र गेलेले असतात, असं त्याला आढळलं. हे आकडे पंचांगासारखे वापरायचे नसतात, माणसागणिक फरक पडतो. तरी त्यातून अंदाज येतो. दोन तासांचा कार्यक्रम, दर वेळी नवी माणसं, म्हणजे तुमचे चाळीस तास चाळीस-पन्नास जणांत वाटले गेले. कोणाच्याही वाट्याला तासाभराहून जास्त आलं नाही. तेच चाळीस तास एका गटात घातले असते, तर आज तुम्ही पहिल्या टप्प्याच्या उंबरठ्यावर असता. आठवड्याला दोन तास धरले तर ५० तासांना २५ आठवडे लागतात, म्हणजे जवळजवळ सहा महिने. बहुतेक लोक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सोडतात आणि म्हणतात, "तिथे कोणाशी जमलं नाही." तोपर्यंत जमायला वेळच झालेला नसतो.

मग जागा कशी निवडायची? गाणं की चालणं की झाडं लावणं, हे तुमच्या आवडीवर सोडते. माझ्या अनुभवात विषयापेक्षा रचना महत्त्वाची ठरते. वार आणि वेळ ठरलेली हवी. येणारे बरेचसे तेच हवेत. गट लहान हवा, सहा ते पंधरा जणांचा, कारण चाळीस जणांत माणूस लपून राहतो. हातांना काहीतरी काम हवं, म्हणजे बोलणं हाच एकमेव उद्योग उरत नाही. शेजारी बसून दोघं एकच काम करत असले की शांतता अवघडवत नाही. समोरासमोर 'ओळख करून घ्यायला' बसवलं की तीच शांतता परीक्षेसारखी वाटते. आणि जागा जवळ हवी. दमलेल्या दिवशीही जाता येईल एवढी जवळ, कारण खरी कसोटी दमलेल्या दिवसाचीच असते.

यात एक भर घालते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक तीच पाडते. जमेल तितक्या लवकर एखादी छोटी जबाबदारी मागून घ्या. माझ्याकडे येणारा एक चाळिशीतला माणूस समूहगायनाच्या सरावाला जायचा, मागच्या रांगेत उभा राहायचा आणि संपलं की निघायचा. चार महिने काही बदललं नाही. मग सरावाच्या खोलीची किल्ली ठेवायचं काम त्याने अंगावर घेतलं. आता पंधरा मिनिटं आधी पोचणं भाग होतं. लवकर येणाऱ्या दोघा-तिघांशी खुर्च्या मांडता मांडता बोलणं होऊ लागलं. दोन महिन्यांनी तो तापाने पडला, तर सकाळी अकरापर्यंत पाच फोन. पहिला फोन किल्लीसाठी होता, हे त्याने मला प्रामाणिकपणे सांगितलं. बाकीचे चार नव्हते. आपण हवे आहोत असं वाटण्याआधी बऱ्याचदा आपली गरज आहे असं वाटावं लागतं. स्वागताची वाट बघत दाराशी उभं राहण्यापेक्षा कामाला हात लावून आत शिरणं बिचकणाऱ्या माणसाला सोपं जातं.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. सुरुवातीची काही वर्षं मीही येणाऱ्याला हेच सांगायचे, "बाहेर पडा, लोकांत मिसळा." एका तरुणीने माझं अक्षरशः ऐकलं. दोन महिन्यांनी आली ती आधीपेक्षा खचून. म्हणाली, "आता तर पुरावाच मिळाला. सगळीकडे जाऊन बघितलं, कुठेच मी कोणाला नको आहे." मी तिला माणसांत पाठवलं होतं, पण ती माणसांकडे कोणत्या नजरेने बघते आहे हे विचारलंच नव्हतं.

शिकागो विद्यापीठातले जॉन कॅसिओपो यांनी एकाकीपणावर आयुष्याची अनेक वर्षं घालवली. त्यांचं म्हणणं असं की भूक जशी अन्नाची गरज कळवते, तसा एकाकीपणा माणसांची गरज कळवतो. अडचण अशी की तो लांबला की मन सावधही होतं. कळपातून बाहेर पडलेल्या प्राण्यासारखं ते धोका हुंगत राहतं. कोणी हसलं नाही, उत्तर उशिरा आलं, वाक्य तुटक वाटलं, की त्याचा अर्थ नकार असाच लागतो. मग आपण स्वतःच दोन पावलं मागे सरतो, आणि समोरच्याला वाटतं यालाच रस नाही. २०११ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एकाकीपणावरच्या वेगवेगळ्या उपायांच्या अभ्यासांची एकत्रित छाननी केली. भेटीगाठींच्या संधी वाढवणं किंवा संवादकौशल्यं शिकवणं यांपेक्षा इतरांबद्दलचे हे आपोआप उमटणारे विचार तपासायला शिकवणं जास्त परिणामकारक ठरलेलं दिसलं.

तुमच्याच पत्रात याचं उदाहरण आहे. एका कार्यक्रमात भेटलेल्या माणसाला तुम्ही मेसेज केलात, त्याचं उत्तर चार दिवसांनी आलं, "मग मी विषय सोडून दिला" असं लिहिलंय. चार दिवसांनी का होईना, त्याने उत्तर दिलं होतं! त्या चार दिवसांत त्याच्याकडे काय चाललं होतं हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. पण तुम्ही ते माहीत असल्यासारखे वागलात. अशा वेळी मी एक साधी वही करायला सांगते. डाव्या बाजूला फक्त घडलं ते लिहायचं, "उत्तर चार दिवसांनी आलं." उजव्या बाजूला मी त्याचा काय अर्थ लावला, "त्याला मी नको आहे." खाली आणखी दोन अर्थ, पटले नाहीत तरी लिहायचे. दोन-तीन आठवड्यांत आपला ठरलेला सूर आपल्यालाच ऐकू येतो. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की पहिल्यांदा भेटलेल्या दोन माणसांचं बोलणं झालं की दोघंही मनात धरून चालतात, 'मी त्याला फारसा आवडलो नसेन.' प्रत्यक्षात आवडलेले असतात त्यापेक्षा बरेच जास्त. त्यामुळे एखाद्या भेटीनंतर मनात वाईट गुण दिलेत, तर त्यात थोडे वाढवून घ्या. ते दिलाशासाठी नाही, खरं त्याच्या जास्त जवळ जातं म्हणून.

गट मिळून रुजेपर्यंतच्या काळासाठी तोंडओळखीकडे वळा. तोंडओळख या शब्दाला आपण फार हलकं लेखतो. त्याच वेळी त्याच रस्त्याने चालायला जा, वाचनालयात त्याच दिवशी जा, इमारतीच्या दारावरच्या माणसाला नावाने हाक मारा. तिसऱ्यांदा दिसलेल्या चेहऱ्याला नाव विचारायला हरकत नसते, "आपण रोज दिसतो, नाव मात्र माहीत नाही" एवढंच पुरतं. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांच्या २०१४ च्या अभ्यासात, ज्या दिवशी अशा वरवरच्या ओळखीच्या माणसांशी जास्त बोलणं झालं, त्या दिवशी लोकांना जास्त बरं आणि आपलेपणाचं वाटलं होतं. त्याच वर्षी शिकागोतल्या रोजच्या प्रवाशांवर झालेल्या प्रयोगात लोकांचा अंदाज होता की अनोळखी सहप्रवाशाशी बोललो तर प्रवास तितका चांगला जाणार नाही. ज्यांना बोलायला लावलं, त्यांचा प्रवास गप्प बसणाऱ्यांपेक्षा चांगला गेला. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ आवाज न फुटण्याची जी वेळ तुमच्यावर आली, तिच्यावरचा पहिला इलाज हाच आहे. शनिवारी एकदा आणि रविवारी एकदा अशा ठिकाणी जायचं, जिथे दोन वाक्यं तरी बोलावी लागतील.

सातशे नंबरांचं काय? त्यातले तीन निवडा, ज्यांच्याशी भांडण नव्हे, नुसती सवय तुटली. आणि "कसा आहेस? भेटू कधीतरी" असं लिहू नका, त्याला धरायला काहीच नसतं. असं लिहा: "आज जुने फोटो बघताना आपली ती पावसात अडकलेली सहल दिसली. तू सगळ्यांच्या पिशव्या डोक्यावर घेऊन चालत होतास. रविवारी सकाळी दहा मिनिटं फोन करू का?" ठोस आठवण, ठोस वेळ, थोडंसंच मागणं. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये अनेक प्रयोगांतून दाखवलं की आपण अशी आठवण काढली तर समोरच्याला किती बरं वाटेल याचा अंदाज आपण सातत्याने कमी लावतो, आणि आठवण जितकी अनपेक्षित तितकं त्याला जास्त बरं वाटतं. तिघांपैकी एक उत्तर देणार नाही, हे धरूनच चला.

फोनबद्दल थोडक्यात. भेट ठरवण्यासाठी किंवा दूरच्या माणसाचा आवाज ऐकण्यासाठी तो वापरलात तर तो मदत करतो. दुसऱ्यांच्या भेटी बघत तासन्‌तास पडून राहिलात तर त्रास वाढतो. बहिणीशी मात्र वार ठरवून बोला. 'वेळ मिळाला की' म्हटल्याने पंधरा दिवस जातात.

आता परिस्थितीनुसार काय बदलतं ते. तुमचा स्वभाव मुळात अबोल असेल तर मोठं वर्तुळ नको, दोन-तीन माणसं आणि चार तोंडओळखी पुरतात. तुमची गरज किती हे तुम्हीच ठरवायचं. कामाच्या पाळ्या बदलत असतील तर 'दर मंगळवारी सात वाजता' जमणारच नाही, अशा वेळी एकाच माणसाबरोबर फिरती पण पक्की वेळ बांधून घ्यावी. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल त्यांना माझं हे उत्तर जसंच्या तसं लागू नाही, त्यांना आधी मदतीचे हात लागतात. जवळचं माणूस नुकतंच गेलं असेल तर ती पोकळी नव्या ओळखींनी भरायची नसते, शोकाला त्याचा वेळ लागतो. ऐकू कमी येत असेल, आणि हे तरुणांतही असतं, तर आधी कान तपासून घ्या. गटात बोलणं नीट ऐकू न आल्याने मागे राहिलेली आणि स्वतःला 'माणूसघाणी' ठरवून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि हे काळजीपूर्वक वाचा. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटत असेल, आधी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर तो नुसता एकाकीपणा नसू शकतो. नैराश्यावर उपचार असतात, त्यासाठी डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा, गट-बिट नंतर. जगू नये असा विचार मनात येत असेल तर आजच्या आज बहिणीला आणि जवळच्या डॉक्टरला सांगा, उद्यावर टाकू नका. माणसांच्या घोळक्यात गेलं की छाती धडधडते, घाम फुटतो, म्हणून टाळाटाळ होत असेल, तर त्यावरही ठरावीक, उपयोगी उपचार आहेत. तुमच्या पत्रात यातलं काही स्पष्ट दिसत नाही, पण पत्रात सगळं येत नाही हे मला माहीत आहे.

शरीराच्या बाजूनेही हे हलक्यात घेण्यासारखं नाही. २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र तपासली. ज्यांची नाती भक्कम होती, ते पाहणीच्या काळात हयात राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. व्यायामासाठी वेळ काढताना आपण कोणाची माफी मागत नाही, तशीच ही वेळही संकोच न करता काढा.

या आठवड्यात एवढंच करा. एक जागा निवडा आणि पहिल्या बारा आठवड्यांचे वार दिनदर्शिकेत आत्ताच लिहून टाका. चौथ्या आठवड्याच्या आसपास जावंसं वाटणार नाही. तिथली माणसं एकमेकांशी हसत असतील आणि आपण कडेला आहोत असं वाटेल. ते बहुतेकांना वाटतं. त्या दिवशी अर्धा तासच जा, पण जा. सहाव्या आठवड्यापर्यंत एखादं काम मागून घ्या. आठव्याच्या पुढे एखाद्याला त्या जागेबाहेर भेटायला बोलवा, कारण ओळख आणि मैत्री यांच्यामधला उंबरठा तिथेच असतो. बाराव्या आठवड्यानंतरही तुमचं नाव तिथे निदान दोन जणांना माहीत नसेल, तर जागा बदला. तो निर्णय मात्र त्याच दिवशी घ्यायचा, त्याआधीच्या कोणत्याही वाईट संध्याकाळी नाही.